राखीव खेळाडूच्या आईस

गंगापूर रोड, नाशिक
कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी

चि. सौ. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास आणि मी गॅसवरचं मसाला दूध साफ विसरलो. पातेलं करपलं. मामी सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीये आणि याला जबाबदार तू आहेस. "मामा, माझा मुलगा तिकडे बाकावर बसायला नाही गेला," असं म्हणालीस आणि वर हसलीस. ते हसणं थेट माझ्या ताईचं. आधी ठरवून टाकायचं आणि मग रीत म्हणून मोठ्यांना विचारायचं, हेही तिचंच. तेव्हा कॉलेज बदलायच्या त्या पोर्टलमध्ये चिंटूचं नाव घालायचं तुमचं ठरलेलं आहे हे मी ओळखून आहे. तरी लिहितो. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुमचा तो अमेरिकन फुटबॉल मला कळत नाही असं समजू नकोस. चिंटू तिकडच्या कॉलेजात गेल्यापासून मी पहाटे उठून सामने बघतो. मधला गडी दोन पायांमधून चेंडू मागे देतो, तो क्वार्टरबॅकने घ्यायचा, आणि समोरून चार-पाच म्हशी सुटल्यासारखे गडी अंगावर येत असताना तीन सेकंदांत ठरवायचं की कुणाकडे फेकायचा. सगळी चाल त्याच्या डोक्यातून निघते. आणि इथेच मेख आहे. बाकीच्या बऱ्याच जागांवर गडी आलटूनपालटून खेळवतात, हा मात्र एका वेळी एकच. पहिला धडधाकट असेपर्यंत दुसऱ्याने टोपी घालून कडेला उभं राहायचं आणि खुणा करायच्या. चिंटू तो दुसरा आहे. दुसऱ्याच वर्षाला दुसरा, हे मला वाईट वाटत नाही. तुला वाटतं.

तू त्या जो बरो नावाच्या क्वार्टरबॅकचा दाखला दिलास, तो मी वाचून काढला. ओहायो स्टेटला तीन वर्षं बाकावर, मग एल.एस.यू.ला गेला आणि २०१९ साली कॉलेज फुटबॉलचा हाइजमन करंडक घेऊन बसला. कबूल. पण पुढचं तू सांगितलं नाहीस, की ओहायो सोडण्याआधी त्याने तीन वर्षांत पदवी पुरी केली होती. कागद खिशात घालून गेला पठ्ठ्या. चिंटूचे निम्मे विषय व्हायचेत. पूर्वी कॉलेज बदललं तर वर्षभर खेळता येत नसे, त्या धाकाने पोरं जागेवर राहायची. २०२१ पासून तोही धाक गेला, आणि त्याच वर्षापासून पोरांना नावावर, चेहऱ्यावर पैसे घ्यायची मुभा आली. आता दर हंगामाला हजारो पोरं गाठोडं बांधतात. सगळ्यांना कुठे जागा मिळते? नवीन ठिकाणी विषय मोजून घेतात का, किती वाया जातात, हे विचारलंस का कुणाला? मला वाटतं, नाही विचारलंस.

आता माझा दाखला, बापू नाडकर्णी. कपाळावर हात मारू नकोस. तुझ्या लग्नात मी व्याह्यांना हीच गोष्ट सांगितली होती हे मला आठवतं, आणि पंगत खोळंबली होती हेही.

पण तेव्हा मी सलग २१ निर्धाव षटकांचीच गोष्ट सांगितली होती, आणि सगळे तेवढीच सांगतात. जानेवारी १९६४, मद्रास, समोर इंग्लंड. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, विकेट एकही नाही. सलग १३१ चेंडूंवर धाव नाही. लोक हसतात; त्या मालिकेतले पाचही सामने अनिर्णित राहिले म्हटल्यावर आणखी हसतात. हसू देत. त्याच मालिकेत कानपूरला फॉलोऑन मिळाल्यावर याच माणसाने नाबाद १२२ काढून सामना वाचवला, ते कुणाला आठवत नाही.

तुला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. बापूंचा जन्म आपल्या नाशिकचा, १९३३ चा. पुढे पुणे विद्यापीठाकडून रोहिंटन बारिया करंडकात खेळले, म्हणजे चिंटूसारखेच कॉलेजचे खेळाडू, तिथून महाराष्ट्राच्या रणजी संघात. डावखुरे फिरकी गोलंदाज आणि फलंदाजीही करणारे. आणि भारताच्या संघात त्या वेळी डावखुरा फिरकी गोलंदाज आणि फलंदाजीही करणारा कोण होता? विनू मंकड! नेमकी तीच जागा, आणि तीत बसलेला माणूस डोंगराएवढा. १९५५ साली दिल्लीला न्यूझीलंडविरुद्ध मंकड नव्हते म्हणून बापूंना घेतलं. नाबाद ६८ केल्या, ५७ षटकं टाकली, विकेट एकही नाही. पुढच्या सामन्याला मंकड आले आणि बापू बाहेर. २२ वर्षांचा पोरगा होता, मनू. चिंटूपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. त्याला कुठलं पोर्टल होतं? देश बदलणार होता का?

चेंडू टाकत राहिला. खेळपट्टीवर नाणं ठेवायचं आणि त्यावर चेंडू पाडायचा, पुन्हा पाडायचा, असा त्यांचा सराव. पुढे ४१ कसोट्या झाल्या, ८८ बळी, षटकामागे दोन धावासुद्धा नाहीत. १९६४ मध्येच मद्रासला ऑस्ट्रेलियाचे ११ बळी एका सामन्यात. गावसकर सांगत, बापूंचं एक पालुपद होतं, 'छोडो मत'.

नाण्यावरून आठवलं. चिंटू नऊ वर्षांचा असताना तू मे महिन्यात त्याला इथे सोडून गेली होतीस. गच्चीवर मी खडूने रेघ मारली आणि पलीकडे जुनं दहा पैशांचं कंगोऱ्यांचं नाणं ठेवलं. टेनिसचा चेंडू, डावा हात. पहिले दोन दिवस एकदाही लागलं नाही. रडला, चेंडू शेजाऱ्यांच्या टाकीत फेकला. तिसऱ्या दिवशी मी दुपारी झोपलो असताना टण्ण आवाज आला. थोड्या वेळाने परत एकदा. मी उठून गेलो नाही, मुद्दाम. मामीने मागून सांगितलं की उन्हात दीड तास एकटाच टाकत होता, पायाला फोड आले होते. तो मुलगा बाकाला कंटाळणारा नाही. मला शंका आहे की कंटाळली आहे ती त्याची आई, जी दर शनिवारी मैत्रिणींना घरी बोलावते आणि टीव्हीवर पोरगा दिसत नाही म्हणून ओशाळते. रागावू नकोस. रागावलीस तर रागाव.

बाकाचा कंटाळा मला कळतो, कारण मीही तो करून बसलोय. कॉलेज कुठलं ते लिहीत नाही, माणसं अजून आहेत. सबंध हंगाम मी बारावा. पाण्याच्या बाटल्या, ग्लोव्हज, स्कोअरबुक. ज्याच्यामुळे मी बाहेर होतो तो माझ्याहून बरा गोलंदाज नव्हता असं मी तेव्हा चहाच्या टपरीवर सांगत फिरायचो; आता प्रामाणिकपणे सांगतो, बराच बरा होता. एका सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर किट सरांच्या पायाशी ठेवलं आणि सायकलवर बसून घरी आलो. पुढच्याच आठवड्यात सामन्याआधी त्या गोलंदाजाचा घोटा मुरगळला. माझ्या जागी गेलेल्या पोराने त्या सामन्यात चार घेतले. तुझ्या आजोबांनी विचारलं, "सामना कसा झाला?" मी म्हणालो, "पावसाने रद्द." नोव्हेंबर महिना होता.

असो. हे सगळं लिहायला बसलो खरा, पण खरी भीती वेगळीच आहे. तू म्हणालीस, नव्या कॉलेजात पहिल्या दिवसापासून खेळवणार. म्हणजे दर शनिवारी त्या म्हशी त्याच्या अंगावर. बाकावर असेपर्यंत माझ्या लेकराचं डोकं शाबूत आहे, हा विचार मी तुझ्यापासून लपवून ठेवला होता.

१९६२ साली बार्बाडोसला नरी कॉन्ट्रॅक्टरला ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागला. कप्तान होता आपला. कवटीवर शस्त्रक्रिया झाली. रक्त द्यायला वेस्ट इंडीजचा फ्रँक वॉरेल पुढे आला, आपल्यातले बोर्डे, उमरीगर आणि हेच बापू नाडकर्णी. माणूस वाचला, पण पुन्हा कसोटी खेळला नाही. तो एक चेंडू होता. तुमच्या खेळात एकेका सामन्यात किती? २०१७ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी तिकडच्या व्यावसायिक खेळाडूंचे १११ मेंदू तपासले, त्यातल्या ११० मध्ये मार बसून बसून झालेला आजार निघाला. मला माहीत आहे, ज्यांना आधीच शंका होती अशाच घरांनी ते मेंदू दिले होते, आणि ते वर्षानुवर्षं खेळलेले लोक. आमच्या डॉक्टरनेही हेच समजावलं. त्याचं समजावणं मला रात्री अडीच वाजता उपयोगी पडत नाही.

तेव्हा एवढं कर. जायचंच असेल तर या सत्राची परीक्षा होऊ दे. विषय किती मोजून घेणार ते कागदावर घे, तोंडी नको. तोंडी सगळेच देतात. आणि नव्या कॉलेजात पुढची फळी कशी आहे ते बघ. जी पोरं याच्यासमोर उभी राहून मार खाणार, ती किती वर्षं एकत्र खेळलीत? प्रशिक्षकाचं गोड बोलणं ऐकत बसण्यापेक्षा ते विचार. चिंटूला म्हणावं, मामाआजोबांना स्वतः फोन कर, आईला बाजूला बसवू नकोस.

चिवडा आणि बेदाणे पाठवले आहेत, दिवाळीपर्यंत पोचावेत. मामीचा आशीर्वाद, तो मी तिच्या वतीने लिहितोय, कारण वर सांगितलं ते.

तुझा,
मामा

ता. क. काल मागे चिंटूचा आवाज आला नाही म्हणून विचारलं, तेव्हा तू सहज म्हणालीस, "डोकं दुखतंय, झोपलाय." अभ्यासाने दुखत होतं की सरावात काही लागलं होतं? उत्तराचं पत्र लिहीत बसू नकोस, हे वाचलंस की लगेच फोन करून सांग. मी जागा आहे.