डोंगराकडची खिडकी

भाच्यानं गाडीचं मागचं दार उघडून धरलं आणि म्हणाला, "आत्या, तू उजवीकडं बस. घोडेगाव सोडलं की पाणी त्याच बाजूनं दिसतं." एवढं बोलून तो डिकीत पिशव्या ठेवायला गेलासुद्धा. मी दाराला हात लावून तशीच उभी राहिले. वहिनींनी आतून विचारलं, "काय झालं?" काही नाही म्हटलं. जी जागा मला मागून मिळाली नाही, भांडून मिळाली नाही, रडून मिळाली नाही, ती दादा गेल्यावर चार महिन्यांनी त्याच्या मुलानं सहज देऊन टाकली होती.

डिसेंबर 1983. अण्णांच्या मित्राची फियाट, दोन दिवसांसाठी मागून आणलेली. पुढे अण्णा आणि आई, मागे आम्ही दोघं. दादा बारा वर्षांचा, मी नऊ. मंचरला चहा झाला, घोडेगाव मागे पडलं, डिंभ्यापासून रस्ता डोंगराला लागला आणि पोखरीचा घाट सुरू झाला. भीमाशंकरला जाताना घोड नदीचं खोरं उजवीकडं राहतं. दादा उजवीकडं बसला होता. डाव्या काचेला माझं नाक लागलेलं, आणि काचेपासून हातभर अंतरावर डोंगर. एखाद्या वळणावर दरी क्षणभर माझ्याकडं यायची, पण नीट बघेपर्यंत अण्णा चाक फिरवायचे आणि ती पुन्हा दादाच्या मांडीवर जाऊन बसायची.

"ते बघ, खाली, आंबेगाव," अण्णा म्हणाले. आईनं मान वळवली. दादा गुडघ्यांवर उठून काचेला चिकटला. मला त्याचा स्वेटर दिसला.

येताना तरी दरी आपल्या बाजूला येणार, हा हिशेब मी देवळातच करून ठेवला होता. पण डिसेंबरचा दिवस तो. जंगलातून गाडी बाहेर येईपर्यंत अंधार पडला. दरी माझ्या बाजूला आली खरी. ती नुसती काळी होती. तळाशी चार-दोन दिवे लुकलुकत होते. दादा माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला होता. त्याला ढकलून द्यावंसं वाटलं, पण त्याचं डोकं गरम होतं आणि गाडीत थंडी होती.

रात्री जुन्नरला आत्याकडं मुक्काम. जेवायला मासवडी आणि रस्सा होता. गोधडीत शिरल्यावर दादाला कंठ फुटला. आंबेगाव कसं दिसलं ते तो सांगायला लागला. कौलं अशी, नदी अशी वळलेली, पोरं मुंगीएवढी. "आणि त्या देवळापाशी ना, एक..."

मी दोन्ही कानांत बोटं घातली.

देवळापाशी एक काय? एक बैल, एक पार, एक बाई, एक विहीर? हे अर्धं वाक्य माझ्याबरोबर चाळीस वर्षं राहिलं आहे. तेव्हा वाटायचं, विचारलं तर आपण हरलो. पुढे वाटायचं, विचारू कधीतरी, दादा कुठं पळून जातोय.

भांडण मात्र मी सोडलं नाही. आमच्या घरात तो शब्दच होऊन गेला. वाटीतली शेवटची मासवडी कुणी उचलली की, "घे, तुझी दरीकडची जागा." अण्णांनी स्कूटर दादाला दिली तेव्हा मी तेच म्हटलं. घराच्या वाटणीच्या वेळीही म्हटलं, आणि तेव्हा कुणी हसलं नाही. दादानं त्या दिवशी कागदावरची पेनाची टोपी तीनदा लावली, तीनदा काढली, आणि मागच्या अंगणाकडची खोली माझ्या नावावर केली.

भीमाशंकरच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी आम्हाला नाणेघाटात नेलं होतं. त्याचं इथं काय काम, असं वाटेल; पण त्या सहलीची आठवण निघाली की मधेच घुसणारं हे प्रकरण मला बाहेर ठेवता येत नाही. घाटघरच्या अलीकडं गाडी ठेवून आम्ही चाललो. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण पाहिला. दादा आणि इतर सगळे कड्याकडं धावले. अण्णा मला घेऊन दगडी पायऱ्या उतरून गुहेत गेले. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरं. नागनिका या सातवाहन राणीचा तो लेख, दोन हजार वर्षांपूर्वीचा. कोणते यज्ञ केले, किती गाई दिल्या, किती कार्षापण दिले, सगळं आकड्यांनिशी. त्यांतले आकडे आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या लिखित आकड्यांपैकी आहेत, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मी पाहत होते ती मागची भिंत. तिथं राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. सिमुक, नागनिका, सातकर्णी, त्यांचे कुमार. मूर्ती गेल्या. खाली पावलांच्या खुणा आणि वर नावं, एवढंच राहिलं.

"माणसं कुठं गेली?" मी विचारलं.

"नावं आहेत ना," अण्णा म्हणाले.

पुढे आंबेगावचं तेच झालं. कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी घोड नदीवरचं हे डिंभे. धरण झालं, पाणी चढलं आणि आंबेगाव त्याच्या पोटात गेलं. तालुक्याचं नाव आंबेगावच राहिलं, कचेऱ्या घोडेगावात. त्या पाण्याला नाव दिलं हुतात्मा बाबू गेनू सागर. याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा तो गिरणी कामगार 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला आणि उठला नाही. सातबाऱ्यावर, पाट्यांवर, एसटीच्या फलकावर आंबेगाव आहे. जे गाव पाहून अण्णांनी गाडी हळू केली होती, ते नाही. त्या पाण्यानं खाली पूर्वेकडची शेतं भिजली, मळे झाले, ऊस आला. त्याची साखर आपण सगळ्यांनी खाल्ली आहे. वरच्या माणसांनी घरं उचलली. कुणी उतारावर वर सरकलं, कुणी लांब गेलं.

दादानं फोन केला होता तेव्हा. "आपलं आंबेगाव गेलं गं पाण्यात."

"आपलं कुठलं? तुझं," मी म्हटलं.

त्यानं फोन ठेवला नाही. थोडा वेळ दोघंही तसेच धरून बसलो. ती वेळ विचारायची होती.

30 जुलै 2014 ची बातमी ऐकली तेव्हा मला आधी आठवली ती माझी खिडकी. याच तालुक्यातलं, याच पाण्याच्या वरच्या अंगाचं माळीण. मुसळधार पावसात डोंगर खाली आला आणि दीडशेवर माणसं गाडली गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं एसटीच्या चालकामुळे. रोजच्या रस्त्यानं तो आला, रोजच्या जागी पाहिलं, तर तिथं गाव नव्हतं. त्या चालकाचा मी खूप विचार केला आहे. कुणीतरी रोज पाहत होतं म्हणून नाहीसं झालेलं दिसलं. मी नऊ वर्षांची असताना डोंगराकडं तोंड करून बसले होते, आणि तिथं बघण्यासारखं काही नाही असं धरून चालले होते.

होतं. फियाट चढत असताना समोरून एसटी आली. अण्णांनी गाडी डाव्या अंगाला दाबून थांबवली. वाळल्या गवताचे भारे डोक्यावर घेतलेल्या बायका रस्त्यानं येत होत्या. जागा उरली नाही म्हणून त्या कापलेल्या खडकाला पाठ लावून, एका हिरड्याच्या झाडापासून पुढे ओळीनं उभ्या राहिल्या. भारे काचेला घासले. "काच वर घे," आई म्हणाली, पण तोवर गवताचा वास आत आला होता, उन्हात तापलेला, थोडा गोड. ओळीत शेवटी माझ्याएवढी एक मुलगी होती. तिच्या डोक्यावरही भारा, भुवयांपर्यंत आलेला. भारा असला की मान वळवता येत नाही. तिनं नुसते डोळे वळवले. माझा लाल स्वेटर पाहिला, सीट पाहिली, पलीकडं काचेला चिकटलेला दादा पाहिला. मग मला पाहिलं. एसटी निघून गेली, आम्हीही निघालो.

यंदा मी उजवीकडं बसले. डिसेंबरात धरण भरलेलं असतं. पाणी निळं, मोठं, शांत. भाच्यानं गाडी हळू केली. "मे महिन्यात येऊ आत्या, पाणी उतरलं की जुन्या भिंती वर येतात म्हणे." वहिनी डाव्या काचेशी पेंगत होत्या. मी पाण्याकडं पाहत राहिले. दादाची कौलं कुठं असतील, देऊळ कुठं असेल, ते मांडत राहिले. मला मांडता येईना. मग तोच वास आला. डावीकडून कुणीतरी भारा घेऊन चाललं होतं. गवत काचेला घासलं, वहिनी दचकल्या. मी वाकून पाहिलं, पण माझ्या जागेवरून भारा आणि हात तेवढे दिसले. चेहरा दिसला नाही. उजवीकडं बसणाऱ्याला तो दिसतच नाही.

म्हणजे दादालाही दिसला नव्हता.

त्या रात्री गोधडीत मी कानांत बोटं घातली, तेव्हा दादा गप्प झाला होता. मग त्यानं माझा हात कानावरून ओढून काढला. त्याचा आवाज अजून तसाच ऐकू येतो, झोपेनं जड झालेला. "तुझ्या बाजूला काय होतं गं?" त्यानं विचारलं होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "दगड."