चार कॅप्सूल, एकदम

दाताचं इम्प्लांट बसवायच्या तासभर आधी मी पेशंटला ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिनच्या चार कॅप्सूल देतो. चारही एकदम. बहुतेक जण चपापतात. पण हिरडीवर ब्लेड टेकेल तेव्हा रक्तात औषध भरपूर हवं, म्हणजे हाडातल्या खाचेत जी गुठळी धरते तिच्यातही ते उतरतं. जंतूंनी इम्प्लांटवर थर धरला की उशीर झाला. इम्प्लांटच्या टायटेनियमला रक्तवाहिन्या नसतात. औषध तिथवर नेणार कोण?

या २ ग्रॅमच्या मात्रेला आधार आहे. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१३च्या आढाव्यात सहा चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. निष्कर्ष असा, की साधारण २५ जणांना ही मात्रा दिली तर एकाचं इम्प्लांट निकामी व्हायचं टळतं. मला हा फायदा मोठा वाटतो. इम्प्लांट हललं की ते काढा, हाड भरून येईपर्यंत महिनोन्‌महिने थांबा, पुन्हा भूल, पुन्हा खर्च.

शस्त्रक्रियेनंतरच्या पाच दिवसांच्या कोर्सला मात्र असा भक्कम पुरावा नाही. गॉथेनबर्गला आधुनिक इम्प्लांटचे प्रणेते ब्रोनेमार्क यांच्या सुरुवातीच्या पद्धतीत पेनिसिलिन दहा दिवस चाले. ती सवय आपल्याकडे अजून रेंगाळते आहे. निरोगी माणसाच्या एका साध्या इम्प्लांटला मी कोर्स लिहीत नाही. "डॉक्टर, गोळ्या राहिल्या का लिहायच्या?" असं एखादे काका दारातून वळून विचारतात, तेव्हा त्यांना परत बसवून समजावतो. विनाकारण घेतलेल्या गोळ्यांनी पोट बिघडतं आणि जंतू निर्ढावतात. उद्या त्यांना न्यूमोनिया झाला, तर हीच औषधं लागू पडायला हवीत.

आणि ओबडधोबड हाताची भरपाई कुठलीही कॅप्सूल करत नाही. हाड ४७ अंशांवर मिनिटभर तापलं तरी मरायला लागतं. म्हणून धारदार ड्रिल, थंड सलाईनची अखंड धार, थांबत थांबत काम, आणि पुन्हा पुन्हा बाहेर काढून पुसलेलं ड्रिल. ड्रिलच्या खाचांत अडकलेला हाडाचा भुगा पांढुरका-लालसर दिसला की बरं वाटतं. काळपट दिसला की मी हात थांबवतो.

"पेनिसिलिन चालत नाही" असं कुणी म्हणालं, तर नेमकं काय झालं होतं ते खोदून विचारतो. पुष्कळदा निघतं, की लहानपणी एकदा जुलाब झाले होते. ती ॲलर्जी नव्हे. पण अंगावर गांधी उठल्या असतील, ओठ सुजले असतील, धाप लागली असेल, तर त्याच कुळातलं अमॉक्सिसिलिनही बाद. अशा पेशंटला मी तारीख देण्याआधी फिजिशियनकडे पाठवतो.