देवगिरीचा पट

अष्टचंगात आजीला हरवणं कठीण होतं. ती नशिबालाही दम देऊन खेळायची. फरशीवर खडूनं पाच बाय पाच घरं आखायची, बांगड्यांचे तुकडे सोंगट्या म्हणून घ्यायचे, आणि कवड्या सापडल्या नाहीत तर एका बाजूनं घासून पांढरे केलेले चिंचोके. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही, हा नियम आजी फार गोडीनं समजावून सांगे आणि लगेच माझीच मारी. पुढं सुट्ट्यांत ‘व्यापार’ आला. त्यात एकजण लवकर गबर होतो आणि बाकीचे दिवाळं निघायची वाट बघत जांभया देतात. मग बुद्धिबळ. त्यात सगळंच उघड्यावर, समोरच्याची फौज शेवटच्या प्याद्यापर्यंत दिसते. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात शंकर-पार्वती सोंगट्या खेळत बसलेत. पाहुण्यांना घेऊन गेलो की माझा पाय तिथून निघत नाही. निदान त्यांच्या डावात फासा तरी आहे.

युद्धपट मी पहिल्यांदा पाहिला तो नोकरीला लागल्यावर, एका मित्राच्या घरी. नकाशावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरं, पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या, त्यांवर ताकदीचे आणि चालीचे आकडे, शिवाय नियमांचं जाडजूड पुस्तक. प्रशियाच्या राइसविट्झनं 1824 मध्ये लष्करी अधिकाऱ्यांसाठी असा खेळ नियमांसकट छापला होता. त्यात पंच असे, आणि तुमच्या तुकडीला जे दिसेल तेवढंच तो तुम्हाला दाखवी. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्सनं 1954 पासून हे खेळ घराघरांत नेले. घरी नेताना पंच मात्र गळाला, आणि माझ्या मते तिथंच खरी गंमत गेली.

कारण लढाया बहुतेक वेळा न दिसणाऱ्या गोष्टींवर फिरतात. असईचंच घ्या. वेरूळजवळच्या आमच्या शहरापासून दोन-अडीच तासांवर, जालना जिल्ह्यात. पानिपतावर आपण पिढ्यान् पिढ्या हळहळतो, असईचं नाव काढत नाही. इंग्रज हौशी मंडळी मात्र ती लढाई टेबलावर पुन्हा पुन्हा लढतात. 23 सप्टेंबर 1803 ला शिंदे-भोसल्यांची प्रचंड फौज केळणा नदीपलीकडं उभी होती. वाटाडे म्हणाले, इथं उतार नाही. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. एवढी जवळ गावं आहेत म्हणजे येण्याजाण्याची वाट असणारच, असं ताडून तो पार झाला. त्याला वाटलं, शिंद्यांच्या कवायती पलटणींना ऐनवेळी तोंड फिरवता येणार नाही. पोलमनच्या हाताखालच्या त्या पलटणी झोकात फिरल्या, आणि वेलस्लीची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. नदीचा उतार वेलस्लीला आधी ठाऊक नव्हता, पलटणींचा दर्जाही नव्हता. हे दोन्ही आकडे नकाशावर आधीच छापून टाकले तर उरलं काय?

म्हणून स्वतःचा पट करायला घेतला तेव्हा देवगिरी निवडली. औरंगपुऱ्यातून जाड पुठ्ठा आणला, पट्टी आणि कर्कटकानं षट्कोन आखले. साल 1296. रामदेवराय किल्ल्यात, मुलगा शंकरदेव फौजेसह बाहेर, आणि अल्लाउद्दीन खिलजी काही हजार स्वारांनिशी येऊन थडकलेला. दिल्लीचं मोठं सैन्य मागून येतंय, अशी हूल त्यानं उठवली होती. शंकरदेव परतून भिडला आणि जिंकतही होता. पण नुसरतखानाची छोटी राखीव तुकडी धूळ उडवत आली, ती दिल्लीचीच फौज समजून यादवांचं सैन्य फुटलं. किल्ल्यात घाईघाईनं चढवलेल्या धान्याच्या गोण्यांत निघालं मीठ.

त्या हुलीसाठी कोऱ्या सोंगट्या पुरल्या. गोण्यांनी मात्र छळलं. मी काड्यापेट्या घेतल्या. काहींत तांदूळ भरले, काहींत मीठ, आणि हलवून बघायला बंदी घातली. पण आपल्याकडं चौथीतल्या पोरालाही ठाऊक, गोण्यांत मीठ होतं! रामदेवरायाचा खेळाडू पहिल्याच फेरीत अन्न संपल्यासारखा वागू लागे. इतिहास पाठ असलेल्याला अडाणी कसं करायचं, यावर कित्येक रविवार गेले. शेवटी पेट्या दर डावाला पिसायचं ठरलं, म्हणजे कधी सगळं मीठ, कधी सगळे तांदूळ. किल्ल्यातला पेटी उघडून एकटाच बघतो आणि काय निघालं ते सांगत नाही. खिलजी त्याच्या तोंडाकडं बघून वेढा चालू ठेवायचा की खंडणी घेऊन निघायचं ते ठरवतो.

आता सिडकोतला आमचा एक गडी एकही पेटी उघडत नाही. मलाच माहीत नाही तर तोंडावर काय दिसणार, म्हणतो, आणि थंड डोक्यानं तहाला बसून खंडणी निम्म्यावर आणतो. त्याला पेटी उघडायची सक्ती करावी, असं आमच्यातल्या निम्म्या लोकांचं म्हणणं आहे. माझा विरोध आहे.