कार्टून शिकायचे, पण कोणाकडून?

थोरलीला बारावीनंतर कॅरेक्टर अ‍ॅनिमेशन शिकायचे आहे, हे कळल्यावर घरात पहिला सवाल आला तो चाचाजानचा : "मोबाइलवर सगळं फुकट मिळतं, फी कशाला भरता?" सवाल रास्त होता. आम्ही दोघेही शिक्षक, पगार ठरलेला, आणि पाठीमागे धाकटी दोन.

पण उर्दूच्या वर्गात आम्ही रोज पाहतो. मूल तख्तीवर 'जीम' काढते; पोट कुठे फुगले आणि कुठे दबले, हे पुस्तक सांगत नाही. त्यासाठी उस्तादाची इस्लाह लागते.

अ‍ॅनिमेशनचेही तसेच असल्याचे वाचनात आले. 1956 साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात क्लेअर वीक्स आले. डिस्नेच्या 'बॅम्बी'वर काम केलेला हा माणूस इथल्या तरुणांना शिकवायला बसला. त्यांच्याकडे राम मोहन शिकले. राम मोहन यांच्या हाताखाली भीमसैन तयार झाले. दूरदर्शनवर आमच्या पिढीने पाहिलेल्या, विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेल्या 1974 च्या 'एक अनेक और एकता'चे अ‍ॅनिमेशन याच भीमसैन यांचे. युनिसेफची मीना आठवते ना? मुलींच्या शिक्षणाबद्दल बोलणारी, मिठ्ठू पोपटाची मैत्रीण? ती राम मोहन यांची.

मग आम्ही चौकशीला निघालो. एका ठिकाणी संगणक किती आणि एसी कसा, एवढेच ऐकवले. चित्र कोण तपासणार, याचे उत्तर मिळाले नाही. दुसरीकडे वीस वर्षे स्टुडिओत काम केलेले एक सर भेटले. त्यांनी थोरलीचे धावणाऱ्या मुलाचे चित्र घेतले, त्यावर पातळ कागद ठेवला आणि चार रेघांत दाखवले, "बेटा, याचा भार चुकीच्या पायावर आहे. हा आता पडेल." आमची खात्री तिथेच पटली. फीचा पहिला हप्ता भिशीतून भरला.

पहिला महिना उड्या मारणाऱ्या चेंडूत गेला. पडद्यावर सेकंदाला 24 चित्रे सरकतात. वर गेलेला चेंडू रेंगाळतो म्हणून तिथली चित्रे जवळजवळ, खाली येताना लांब लांब. चाचाजानना हे समजावताना तिने जेवणाच्या दस्तरखानवर लिंबू उडवून दाखवले. ते वरणात पडले.

सध्या पिठाची अर्धी भरलेली गोणी चालू आहे. डोळे नाहीत, तोंड नाही, तरी ती रुसलेली दिसली पाहिजे, असे सरांनी सांगितले आहे. तीन वेळा कागद परत आले. गोणी अजून नुसतीच वाकते.