चौदा गुणांचा शब्द

स्क्रॅबल खेळायला शब्दांचे अर्थ लागत नाहीत, असं मी कित्येक वर्षं ठामपणे सांगत आलो. समोरच्याने हरकत घेतली तर शब्द यादीत आहे की नाही एवढंच पाहतात, अर्थ कुणी विचारत नाही. शिवाय न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सचं उदाहरण होतंच. फ्रेंच बोलता येत नसताना फ्रेंच शब्द पाठ करून त्याने 2015 साली फ्रेंच स्क्रॅबलचं विश्वविजेतेपद मिळवलं. त्याच्याबद्दलचा माझा आदर आजही तसाच आहे. माझं मत मात्र टिकलं नाही.

भाचीलाही मी असाच खेळ शिकवला. क्यू हे अक्षर 10 गुणांचं, पण सोबत यू नसेल तर हातात अडकून बसतं. म्हणून यूविना चालणारे शब्द तिच्याकडून घोकून घेतले. एका संध्याकाळी तिने क्यू-ए-एन-ए-टी लावला, 14 गुण घेतले आणि विचारलं, "मामा, कनात म्हणजे काय रे?"

"अगं, मांडवाला बाजूने लावतात ती कनात," मी बेधडक सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिने शब्दकोश माझ्यापुढे उघडून ठेवला. मांडवाचा काही संबंधच नव्हता. डोंगरपायथ्याच्या भूजलापासून गावापर्यंत बेताच्या उताराने खणत आणलेलं इराणी भुयार म्हणजे कनात. माती उपसायला आणि हवा खेळायला वाटेत ठिकठिकाणी उभ्या विहिरी. मोट नको, पंप नको. पाणी आपल्या पायांनी गावात येतं.

मुलीला खोटं सांगितलं याची लाज वाटलीच. पण त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. माझं बालपण औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात गेलं. तिथे 17व्या शतकात मलिक अंबरने याच धर्तीची नहर बांधली. त्या नहरीचं कौतुक मी घरात ऐकत वाढलो, आणि तिच्याच जातीचा हा शब्द वर्षानुवर्षं नुसता गुण मोजून पटावर ठेवत राहिलो.

तेव्हापासून पाठांतरासाठी केलेली शब्दांची जुनी वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचतो आहे. सी-डब्ल्यू-एम, उच्चार 'कूम': मूळ वेल्श, अर्थ हिमनदीने कोरलेली वाडग्यासारखी दरी. एव्हरेस्टच्या कुशीतल्या वेस्टर्न कूमला हे नाव 1921 साली गिर्यारोहक मॅलरीने दिलं.

परवा भाचीने 'आआ' लावला. अवघे 2 गुण. हवाई बेटांवरच्या लोकांचा हा शब्द, खडबडीत, अणकुचीदार लाव्ह्यासाठी. गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्या पडणाऱ्या लाव्ह्याला ते 'पाहोएहोए' म्हणतात. दख्खनच्या काळ्या पाषाणाचे थरही भूशास्त्रज्ञ याच दोन नावांनी ओळखतात, हे वाचल्यावर ती गच्चीत गेली आणि कठड्याजवळचा एक दगड उचलून घेऊन आली. तो हातात फिरवत आम्ही बराच वेळ बसलो. डाव तसाच राहिला.