खाजकुइली आणि खसखस

दुखण्याला आपल्याकडे मोठा मान आहे. डोके दुखते असे कुणी म्हणताच घरात सुंठ उगाळली जाते, मुलांना अंगणात पिटाळतात, शेजारची म्हातारी चौकशीला येते. परंतु अंगाला खाज सुटली आहे असे म्हणून पाहावे! समोरचा माणूस आधी दोन पावले मागे सरतो आणि मग हसतो. भाषेनेही खाजेला कधी प्रतिष्ठेने वागवलेले नाही. भांडकुदळ माणूस खाजवून खरूज काढतो. नसती उठाठेव करणाऱ्याला ‘तुला कसली रे खाज?’ असे विचारतात. एका तळहाताची खाज तेवढी शुभ, कारण तिच्यामागून पैसा येतो अशी समजूत आहे. एरवी खाज म्हणजे थट्टा.

आमच्या थोरल्या काकांनाही, ज्यांना सारे घर अप्पा म्हणते, ही थट्टा एके काळी आवडायची. पुढे त्यांची मूत्रपिंडे थकली. आठवड्यातून तीन वेळा रेवदंड्याहून अलिबागला जायचे, चार तास यंत्राला जोडून घ्यायचे आणि चौल-नागावच्या वाड्यांमधून परत यायचे असा क्रम सुरू झाला. नारळाच्या वाडीत जन्म काढलेल्या माणसाला शहाळे वर्ज्य झाले, कारण त्यातले पोटॅशियम अशा रोग्याला सोसत नाही. त्याचीही त्यांनी कधी कुरकुर केली नाही. रात्री मात्र ओटीवरून एक आवाज येई, सुकलेले झाप भिंतीला घासावे तसा. उशाखालची लाकडी फणी घेऊन अप्पा पाठ खाजवीत बसलेले असत.

“अहो, सोलून निघेल अंग. किती खाजवाल?” काकू म्हणत.

“तू नीज,” एवढेच उत्तर.

अंगावर ना पुरळ, ना गांधी, ना गजकर्ण. कातडी जरा कोरडी, बाकी निर्दोष; आणि आतून वणवा पेटलेला. औषधाच्या दुकानातून आणलेली ॲलर्जीची गोळी घेतली की डोळ्यांवर झापड येई, पण खाज जाग्यावरच.

असे का व्हावे, याचे अर्धे उत्तर आमच्या कुंपणावरच चढलेले आहे. कोकणातल्या मुलाला खाजकुइली पुस्तकातून शिकवावी लागत नाही. शेंगांवर सोनेरी मखमल मिरवणारी ही वेल एकदा अंगाला लागली की जन्मभराची ओळख होते. इंग्रजीत तिला ‘काउहेज’ म्हणतात. त्यातल्या ‘काउ’चा गाईशी काही संबंध नाही; हिंदीतले ‘केवांच’ साहेबाच्या तोंडात गेले आणि हे रूप घेऊन बाहेर आले. अमेरिकेत शेली आणि आर्थर या दोघांनी १९५५ साली या मखमलीची कुसळे तपासली. डास चावला किंवा गांधी उठली की कातडीत हिस्टामीन नावाचे द्रव्य सुटते, आणि ॲलर्जीची गोळी त्यालाच अडवते. खाजकुइलीच्या कुसळांत मात्र प्रथिने तोडणारे एक विकर निघाले. आणि त्याची खाज हिस्टामीनच्या वाटेने जातच नाही, हे पुढच्या संशोधनाने दाखवले. म्हणजे खाजेच्या वाटा एकाहून अधिक आहेत. मूत्रपिंडाच्या रोग्याची खाजही बहुतांशी अशीच आडवाटेने येते. हमरस्त्यावर कितीही पहारेकरी बसवा, तिला त्याचे काय!

उरलेले अर्धे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. या दिवसांत अनारसे जिच्यावर थापतात ती खसखस अफूच्या बोंडातून येते. बी बिचारे निरुपद्रवी. परंतु कच्च्या बोंडाला चिरा देऊन जो चीक गोळा करतात ती अफू, आणि तिच्यातूनच एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सर्टुर्नर या जर्मन औषधशास्त्रज्ञाने मॉर्फिन वेगळे काढले. वेदनेवर त्याच्या तोडीचे औषध क्वचितच सापडते. पण गंमत अशी की पाठीच्या कण्यातून मॉर्फिन दिलेला रोगी पुष्कळदा वेदना विसरतो आणि नाक-तोंड खाजवू लागतो. खाज म्हणजे सौम्य वेदनाच, असे जाणते लोक कितीतरी काळ मानीत होते. ती जर वेदनेची धाकटी आवृत्ती असती, तर दोघी एकाच औषधाने निजायला हव्या होत्या. येथे थोरली निजते आणि धाकटी जागी होते! पुढे २००९ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या संशोधकांनी उंदरांच्या मज्जारज्जूतल्या ठरावीक पेशी नाहीशा केल्या, तेव्हा उंदरांचे खाजवणे फार कमी झाले. वेदना मात्र त्यांना पूर्वीसारखीच कळत होती. खाजेचे बिऱ्हाड वेगळे आहे, हे त्यावरून ठरले.

अफू शरीरात नेमकी कोठे काम करते, ती ठिकाणे १९७३ साली बाल्टिमोरला कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत दाखवून दिली. त्यांना कुलपे म्हणू. या कुलपांच्या जाती अनेक. ‘म्यू’ नावाचे कुलूप उघडले की वेदना शमते, पण खाज सुटू शकते. ‘कॅपा’ नावाचे उघडले की खाज शमते. निरोगी शरीर स्वतःच दोन्हींच्या किल्ल्या तयार करते आणि तराजू सरळ राखते. मूत्रपिंडाच्या रोग्यात तो म्यूकडे झुकतो, असे काही संशोधकांचे मत आहे. मग उपाय दोन: म्यूला आतून अडसर घालावा किंवा कॅपा उघडावे. नाल्ट्रेक्सोन हे अडसर घालणारे औषध. यकृताच्या काही विकारांतल्या खाजेवर ते वापरतात. कॅपा उघडणारे नालफुराफिन जपानने २००९ साली डायलिसिसच्या रोग्यांसाठी मंजूर केले. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेने डायफेलिकेफालिन मंजूर केले. ते डायलिसिस संपता संपता त्याच नळीतून देतात, आणि ते मेंदूत फारसे शिरत नसल्यामुळे अफूच्या कुळातले असूनही नशेची धास्ती राहत नाही.

या औषधाची एक चाचणी ३७८ रोग्यांवर १२ आठवडे झाली. शून्य म्हणजे खाज नाही, दहा म्हणजे कल्पनेतली कमाल, असा आकडा रोग्याने रोज सांगायचा. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांचा आकडा तीन किंवा अधिक पायऱ्या उतरला. नुसते औषधाचे सोंग मिळालेल्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून थोडे कमी लोक तितके उतरले. चमत्कार म्हणावा असे हे यश नव्हे. पण मला त्यातली औषधापेक्षा चौकशीच अधिक महत्त्वाची वाटते. रोज कुणीतरी विचारीत होते, ‘आज किती?’

अप्पांना असे कुणी विचारले नव्हते, आणि त्यांनी सांगितलेही नव्हते. मी त्यांना म्हटले, “अप्पा, तिथल्या डॉक्टरांच्या कानावर का घालत नाही?”

ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “अरे, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला धड श्वास घेता येत नाही. त्याच्यासमोर मी काय सांगू, मला खाज सुटते म्हणून?”

बारा देशांतल्या १८,००० हून अधिक डायलिसिसच्या रोग्यांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी शंभरांत ४२ जणांना मध्यम ते तीव्र खाज होती; आणि अशा रोग्यांत मृत्यूचे प्रमाणही अधिक आढळले. त्याचा संबंध बव्हंशी मोडलेल्या झोपेशी लागत होता. म्हणजे जिला आपण थट्टेवारी नेतो, ती रात्रीमागून रात्र माणसाला कुरतडीत असते, आणि तो शेजाऱ्याच्या भिडेने ओठ मिटून बसलेला असतो.

पुढच्या खेपेला मी अप्पांबरोबर गेलो आणि त्यांच्यादेखत विषय काढला. डॉक्टरांनी आकडा विचारला. अप्पा लाजत म्हणाले, “आठ.” मग रक्तातले फॉस्फरस पाहिले गेले, कोरड्या कातडीला दोन वेळा मलम आले, आणि मज्जातंतूंच्या दुखण्यावरचे एक जुने औषध अगदी लहान मात्रेत सुरू झाले. कॅपाच्या कुलपापर्यंत जाण्याची वेळच आली नाही. महिन्याभराने आकडा चारावर आला. चार म्हणजे शून्य नव्हे. पण फणी उशाखालून निघून काकूंच्या पेटीत गेली, आणि अप्पा सलग पाच तास निजू लागले.

दिवाळीत फराळाला जमलेली मंडळी एकमेकांच्या साखरेची, रक्तदाबाची आणि गुडघ्यांची अगत्याने चौकशी करतात. घरात कुणी मूत्रपिंडाचा वा यकृताचा रोगी असेल, तर त्या यादीत एक प्रश्न वाढवावा: “रात्री अंगाला खाज सुटते का हो?” अनारशाचा घास घेता घेता सगळे हसतील. हसू द्यावे. हसणे झाले की उत्तरासाठी थोडे थांबावे.