खेळवेड्यांचं गाव कोणतं?

वर्तमानपत्राचं खेळाचं पान म्हणजे मेथी निवडायला अंथरायचं पान, अशी आपल्यापैकी बऱ्याच जणींची समजूत असते. पण खरं सांगा मैत्रिणींनो, २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री तुमच्या घरी जेवणं वेळेवर झाली होती का? आमच्या आळीत तरी झाली नव्हती. नवी मुंबईच्या मैदानावर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक उचलला, तेव्हा मध्यरात्र झाली होती. यवतमाळच्या आमच्या घरात आमटी दोनदा गरम करून तिसऱ्यांदा गार झाली होती. शेजारच्या आजींनी तर जपमाळ हातात धरूनच शेवटचा झेल बघितला.

माझी धाकटी नणंद अमेरिकेत शिकागोजवळ राहते. त्याच आठवड्यात तिचा फोन आला. ती म्हणाली, "वहिनी, इथे लोक तासन्‌तास भांडतात, खेळवेड्या माणसानं राहावं असं शहर कोणतं यावर. कोणी बॉस्टन म्हणतं, कोणी फिलाडेल्फिया, आमचे शेजारी अर्थातच शिकागो." तिथे बेसबॉल, त्यांचा तो हातात धरून पळायचा फुटबॉल, बास्केटबॉल आणि बर्फावरची हॉकी असे चार मोठे खेळ, ज्या शहरात चारही खेळांचे संघ त्याची कॉलर ताठ. हा वाद फोनवरून आमच्या घरात उतरला आणि मग काय विचारता! आमच्या ह्यांनी मुंबई धरली, धाकट्या भावोजींनी कोल्हापूर, भाच्यानं नागपूर. मला कोणी विचारलंच नाही. म्हणून इथे लिहिते.

मुंबईचा हक्क मी नाकारत नाही. वानखेडे आणि ब्रेबॉर्न ही दोन मोठी मैदानं चालत जाण्याच्या अंतरावर, असं दुसरीकडे कुठे आहे? आणि गंमत अशी, की त्यातलं वानखेडे आमच्या विदर्भाच्या माणसाच्या जिद्दीनं उभं राहिलं. ब्रेबॉर्नवर सामन्याच्या जागा किती मिळायच्या यावरून क्लब आणि क्रिकेट संघटना यांची वाजली. शेषराव वानखेडे तेव्हा संघटनेचे अध्यक्ष. त्यांनी नवं मैदानच बांधायला घेतलं आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी झालीसुद्धा. खुर्चीवरून भांडण लग्नाच्या पंगतीत होतं तसंच की हे! पण मला विचाराल तर मुंबईची खरी श्रीमंती आझाद मैदानात आणि ओव्हलवर आहे. एका वेळी इतके सामने, की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या पंचाशेजारी उभा. तिकीट नाही, काही नाही. झाडाखाली उभं राहा आणि बघा. १९४८ पासून तिथे कांगा लीग भर पावसाळ्यात खेळतात. आपण ज्या दिवसांत दोरीवरचे कपडे वाळत नाहीत म्हणून रडतो, त्या दिवसांत ही मुलं पांढरे कपडे घालून चिखलात उतरतात. धुणाऱ्या आईचा विचार कोणी केलाय का, देव जाणे.

कोल्हापूरला मी लग्नानंतर एकदाच गेले, महालक्ष्मीच्या दर्शनाला. देवळापासून खासबाग मैदान लांब नाही. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं हे कुस्तीचं मैदान १९१२ साली पुरं झालं. बॉस्टनचं प्रसिद्ध बेसबॉल मैदानही त्याच सालचं, हे नणंदेनं सांगितल्यावर भावोजींची छाती आणखी दोन इंच फुगली. मैदान परातीसारखं खोलगट आहे. मधोमध आखाडा आणि भोवती चढत जाणारी बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही डाव दिसतो. कुस्तीच्या गावानं फुटबॉलवरही तितकाच जीव लावलाय; पाटाकडील, खंडोबा या तालमींचे संघ समोरासमोर आले, की घरातल्या घरात दोन तट पडतात म्हणे. पोरीही मागे नाहीत. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये नेमबाजीत जगज्जेती झाली ती कोल्हापूरचीच. आणि शेजारच्या सांगलीत मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी कुस्ती झाली, ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली. खासबागेच्या त्या पायऱ्यांवर मी पाच मिनिटं बसले. कुस्ती नव्हतीच त्या दिवशी, पण मनात आलं, इथे दंगल असते तेव्हा बायका किती बसत असतील?

हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला, की सगळ्या वादाची घडीच बदलते. घरच्या पुरुषांनी शहरं मोजली ती मैदानावर किती माणसं मावतात, किती चषक आले, यावर. बाईची मोजपट्टी निराळी. तिथवर न्यायला-आणायला गाडी आहे का, सामना संपल्यावर परतीची शेवटची बस किती वाजता, चार तास बसायचं तर बाथरूमची सोय कशी, आणि बरोबरची मुलगी नुसती टाळ्या वाजवणार की कधी आतही उतरणार?

या पट्टीनं नागपूर बघू. आमच्याकडून जायचं तर कळंब, देवळी, वर्धा करत साधारण दीडशे किलोमीटर. जामठ्याचं मैदान वर्धा रोडवरच असल्यामुळे नागपूर लागायच्या आधीच येतं. आम्हां यवतमाळकरांना तेवढी सोय. खुद्द नागपूरकरांना ते लांब पडतं. ४५ हजारांच्या आसपास माणूस मावतो. २००८ मध्ये सौरव गांगुलीची शेवटची कसोटी इथेच झाली. त्याआधीचं, सिव्हिल लाइन्समधलं जुनं मैदान मात्र आमच्या पिढीच्या घरांत गोष्टीसारखं सांगितलं जातं. ३१ ऑक्टोबर १९८७ ला तिथे चेतन शर्मानं न्यूझीलंडचे तीन गडी लागोपाठ त्रिफळाचीत केले आणि गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतलं आपलं एकमेव शतक त्याच दिवशी काढलं. विदर्भानं रणजी करंडक तीनदा जिंकलाय. अलीकडचा मार्च २०२५ मध्ये, जामठ्यालाच, केरळविरुद्ध. भाचा हे सगळं पाढ्यांसारखं म्हणतो. तो मुलींची नावं मात्र विसरला. नागपूरची मोना मेश्राम २०१७ च्या विश्वचषक संघात होती. दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातल्या बातुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. समोर कोनेरू हंपीसारखी मुरलेली खेळाडू आणि हिचं वय १९! बुद्धिबळाला मैदान लागत नाही, एक शांत खोली लागते. आपल्या घरात मुलीला तेवढी तरी मिळते का, हे ज्याचं त्यानं बघावं.

आता आमचं यवतमाळ. हसू नका. या वादात यवतमाळचं नाव कोणी घेतलं नव्हतं, मी घेते. २०११ च्या जनगणनेत नगरपालिका हद्दीतली वस्ती एक लाख सोळा हजारांच्या वर. नणंदेच्या घरापासून तीन-चार तासांवर ग्रीन बे नावाचं गाव आहे. वस्ती साधारण तेवढीच, लाखाच्या थोडी वर. आणि एवढ्याशा गावाचा फुटबॉल संघ अमेरिकेतल्या महानगरांना टक्कर देतो. १९१९ मध्ये सुरू झालेला. १९२३ मध्ये पैशाची ओढाताण झाली तेव्हा गावकऱ्यांनी भाग विकत घेऊन तो वाचवला. आज पाच लाखांहून अधिक लोकांकडे त्याचे भाग आहेत, आणि त्या भागांवर एक पैसाही नफा मिळत नाही! मैदान ८० हजारांचं. गावातली बहुतेक सगळी माणसं मावतील. हंगामाच्या तिकिटांसाठी लाखाच्या वर नावं यादीत थांबलेली, आणि ज्यांच्याकडे ती आहेत ते मृत्युपत्रात लिहून ठेवतात. मला सगळ्यांत आवडली ती सायकलींची गोष्ट. उन्हाळी सरावाला तिथले धिप्पाड खेळाडू मैदानापासून सरावाच्या जागेपर्यंत गावातल्या लहान मुलांच्या सायकलींवरून जातात आणि मूल शेजारी पळत असतं, खेळाडूचं शिरस्त्राण हातात घेऊन.

नफा नाही, तरी गाव पैसे घालतं, हे ऐकून ह्यांना नवल वाटलं. मला नाही वाटलं. आमच्या यवतमाळचा दुर्गोत्सव दूरदूरहून लोक बघायला येतात. तो कशावर होतो? वर्गणीवर. त्या नऊ दिवसांत रात्री बारा वाजतासुद्धा बाया-पोरी नटूनथटून बिनघोर देखावे बघत फिरतात. म्हणजे गावाला पैसाही काढता येतो आणि बायकांना रात्री रस्त्यावर सुखरूप फिरूही देता येतं. मग खेळासाठी का नाही, एवढंच माझं म्हणणं.

थोडंफार होतंही. हिवाळ्यात खेडोपाडी रात्री दिवे लावून कबड्डीचे सामने होतात. दारव्हा, दिग्रस, आर्णीकडे जाताना रस्त्यावरून माती उडताना दिसते. बायका कडेला, ओट्यावर, शाल पांघरून उभ्या. खाली बसायला जागा पुरुषांना. तळेगाव दशासर आमच्या सीमेपलीकडे, अमरावती जिल्ह्यात. तिथला शंकरपट जुना. २०१४ मध्ये न्यायालयाच्या बंदीनं पट थांबले ते २०२१ च्या शेवटी पुन्हा सुरू झाले. तिथे बायकाही कासरा हातात घेऊन जोडी पळवतात! ज्यांना वाटतं बाईला बैल आवरत नाही, त्यांनी एकदा जाऊन यावं. गोधनी रोडवरच्या नेहरू स्टेडियमवर सकाळी मुलं-मुली धावताना दिसतात. पण दहावीनंतर त्यातल्या मुली कमी होत जातात. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. हा हिशेब मला हजेरीपटावरून कळतो.

त्यातल्याच एका मुलीमुळे माझा हा वाद गमतीचा राहिला नाही. दहावीतली पोर, खो-खोत अशी सूर मारते, की बघणाऱ्याचे गुडघे दुखावेत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या प्रियांका इंगळेच्या संघानं अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० असं हरवलं. तेव्हापासून हिच्या डोक्यात दुसरं काही नाही. एके दिवशी तिची आई शाळेत आली. पदर सावरत म्हणाली, "मॅडम, मले काही समजत नाही. हिचे बाबा म्हणते, दहावी झाली का खेळ बंद. तुमीच सांगा, पोरीले अमरावतीले ठेवू का नको?"

दिवाणखान्यात बसून शहरं निवडणं सोपं असतं हो. मी म्हटलं, "चला, आधी बघून येऊ."

यवतमाळहून नेर, नांदगाव खंडेश्वर, बडनेरा करत अमरावती, नव्वदेक किलोमीटर. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा तिघींचा खर्च दीड माणसाचा. डब्यात पोळी, झुणका आणि मिरचीचा ठेचा. आईनं पूर्ण रस्ताभर एक शब्द काढला नाही.

अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलं. (शिकागोचं जुनं बेसबॉल मैदानही १९१४ चंच, नणंदेला मी हे मुद्दाम कळवलं.) आपल्याकडे शरीर कमावणं म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग मानत, त्या काळात या भावांनी व्यायामाचं रीतसर शिक्षण सुरू केलं. क्रांतिकारक राजगुरू काही काळ इथे शिकायला होते. १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिक झालं, तेव्हा मंडळाचा चमू तिथे गेला आणि कबड्डी, मल्लखांब असे आपले खेळ त्यानं जगाला करून दाखवले. अमरावतीहून बर्लिन, तेही त्या काळात! आज इथे शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय आहे.

हे सगळं मी त्या माउलीला सांगत होते. तिचं लक्ष दुसरीकडेच. मल्लखांबावर एक मुलगी उलटी लटकली होती आणि खाली तिच्याएवढ्याच दोघी गप्पा मारत आपली पाळी यायची वाट बघत होत्या. कोणी त्यांच्याकडे टक लावून बघत नव्हतं. ही बाई तिथेच थांबली. बराच वेळ थांबली. मग तिनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "मॅडम, महिन्याच्या त्या दिवसांत या पोरी काय करते?" मी म्हटलं, "त्यांनाच विचारा." तिनं खरंच विचारलं. मुलगी हसली आणि म्हणाली, "काकू, जास्त दुखलं तर बसतो, नाही तर येतो." मग पुढचे प्रश्न आपोआप आले. राहायचं कुठे, खाणावळीत भाकरी मिळते का, संध्याकाळचा सराव किती वाजता संपतो, बरोबर कोण येतं. पदकाबद्दल तिनं एकदाही विचारलं नाही. पोरगी मात्र कोपऱ्यात बुटांची लेस बांधत-सोडत बसली होती.

घरच्या वादात मी आता अमरावती धरते. आमचे हे म्हणतात, तिथे वानखेड्यासारखं काय आहे? मी म्हणते, माझ्यासारखीला आपल्या पोरीला घेऊन जाता येतं आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत येता येतं. वाद मिटलेला नाही. नणंदेनं तर पुढच्या खेपेला ग्रीन बे दाखवायचं कबूल केलंय.

कोणाला मुलीला घेऊन अमरावतीला जायचं असेल तर एक सांगते. सकाळी लवकर निघा, म्हणजे सराव बघायला मिळतो. उन्हाळ्यात तर दहानंतर तिथे थांबवत नाही. टोपी आणि कांदा बरोबर ठेवा. सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, बंद दारं बघून याल. आणि मुलीच्या आईला न्याच, नुसत्या मामाला नको.

परतीच्या गाडीत नेर सोडल्यावर ती बाई बोलली. "ठीक आहे मॅडम, पोरी आहेत तिथं." एवढंच. अकरावीच्या अर्जात अमरावतीच्या कॉलेजाचं नाव पहिलं घालायचं ठरलंय. मुलीच्या बाबांचा होकार अजून यायचा आहे.